सहा, पाच, चार, तीन, दोन, एक

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. तेवढं काम सर्जनचं. पुढचे सहा आठवडे पेशंटचे आणि त्याच्या घरच्यांचे, आणि त्यात करायचं काय, तर एक म्हणजे फारसं काही करायचं नाही आणि दुसरं म्हणजे वेळेवर थेंब घालायचे. जन्मभर स्वतः सिलिंडर सरकवणाऱ्या, माळ्यावरचे डबे काढणाऱ्या माणसाला पहिली गोष्ट जड जाते. दुसरी घरच्यांना.

घरी जाताना हातात ड्रॉप्सचा तक्ता पडतो. अँटिबायोटिकचे थेंब आठवडाभर किंवा थोडे जास्त. स्टेरॉइडचे पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, तीन, दोन आणि शेवटच्या आठवड्यात एक. प्रत्येक डॉक्टरची पद्धत थोडी वेगळी असते, त्यामुळे आपल्या तक्त्यावर जे लिहिलंय तेच खरं. पण वरचा हिशेब धरला तर एका औषधाचे १४७ थेंब होतात. पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभरेक निघतात, आणि त्यातले काही हमखास गालावर जातात. म्हणजे दुसरी बाटली लागणारच. शिवाय बऱ्याच बाटल्यांवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की उघडल्यावर चार आठवड्यांत टाकून द्या. हे बारीक अक्षर वाचता येत नाही म्हणूनच तर ऑपरेशन झालेलं असतं, तेव्हा ते घरातल्या तरुण डोळ्यांनी वाचावं आणि उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवर टाकावी.

हा उलटा पाढा मध्येच सोडायचा नसतो. आतली सूज हळूहळू उतरते आणि औषध तिच्याबरोबर एकेक पायरी खाली येतं. गडबड होते ती तिसऱ्या आठवड्यात. डोळा पांढरा स्वच्छ झालेला असतो, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचता येत असते, आणि मग ‘आता कशाला हवेत ड्रॉप्स?’ असा विचार येतो. एकदम बंद केले की चार दिवसांत डोळा पुन्हा लाल होतो, उजेड टोचतो आणि पाढा परत वरच्या पायरीवरून सुरू. उलट टोकाची माणसंही असतात: बरं वाटतंय म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने चालू ठेवणारी. स्टेरॉइडमुळे काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढताना काही दुखत नाही, कळत नाही. म्हणून बंदही आपल्या मनाने नाही आणि चालूही आपल्या मनाने नाही.

थेंब घालणं ही कला आहे, आणि घरातल्या सगळ्यात घाईच्या माणसाकडे हे काम देऊ नये. हात साबणाने धुवायचे. स्टेरॉइडचं औषध दुधासारखं पांढरं असेल तर बाटली आधी नीट हलवायची, कारण औषधाचे कण तळाशी बसलेले असतात. न हलवता घातलं तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं आणि शेवटी गाळ. पेशंटला सरळ आडवं करावं, हे सगळ्यात सोपं. खालची पापणी बोटाने हळूच खाली ओढली की एक छोटा खिसा तयार होतो. बाटलीचं तोंड दीड-दोन सेंटीमीटर वर धरून त्या खिशात एक थेंब सोडायचा, बुबुळावर नव्हे. तोंड पापणीला लागू द्यायचं नाही, नाहीतर पापणीवरचे जंतू बाटलीत जाऊन बसतात. ज्यांचा डोळा बाटली दिसली की आपोआप मिटतो, त्यांना मिटूच द्यावा. नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायला सांगायचा. थेंब आत ओघळतो.

थेंब एकच. ‘दोन टाक, म्हणजे एक तरी आत जाईल’ हे म्हणणं प्रेमाचं असलं तरी हिशेबाचं नाही. डोळ्याच्या त्या खिशात एक अख्खा थेंबही मावत नाही, दुसरा नुसता पहिल्याला बाहेर ढकलतो. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची तीही याचसाठी. आणि थेंब घातल्यावर डोळा घट्ट आवळायचा नाही. अलगद मिटून नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने मिनिटभर दाबून धरायचा. डोळ्यातून नाकात उतरणारी अश्रूंची बारीक नळी तिथे असते. ती दाबली नाही तर डोळ्यात घातलेलं औषध पाच मिनिटांनी घशात कडू लागतं, आणि पेशंट म्हणतो, ‘चुकून तोंडात टाकलंस काय?’

बाटल्या ओळखायला रबरबँड बरे पडतात: सहा वेळच्या बाटलीला एक, चार वेळच्या बाटलीला दोन. अंधुक नजरेलाही बोटांनी कळतं. कानाचे ड्रॉप्स आणि झटपट चिकटवायच्या गोंदाच्या ट्यूब त्या दिवसांपुरत्या वेगळ्या कपाटात हलवाव्यात. हसू नका, अशा चुका होतात.

आता पथ्य. भेटायला येणाऱ्यांकडे पथ्याची जी यादी असते ती बहुतेक जुन्या ऑपरेशनची असते. एके काळी मोतीबिंदूसाठी डोळ्याला जवळजवळ अर्धं वर्तुळ छेद द्यावा लागे. मग टाके, डोळ्यांवर पट्ट्या, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि कित्येक दिवस उताणं पडून राहणं. वर डोळ्यात बसवायची कृत्रिम लेन्स नाहीच. त्याऐवजी सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा, ज्यातून जग पावपटीने तरी मोठं दिसे आणि चहाचा कप हाताच्या अलीकडेच असल्यासारखा वाटे. मोतीबिंदू ‘पिकायची’ वाट बघायची तीही त्या काळातली. आता उलट आहे, फार पिकला तर तो दगडासारखा होतो, फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि पहिले काही दिवस नजरेवर धुकं राहतं.

१९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकन डॉक्टरने अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू आतल्या आत फोडून ओढून घेण्याची पद्धत आणली. कल्पना त्याला सुचली ती दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करायचं यंत्र तोंडात थरथरत असताना. आज छेद तीन मिलिमीटरच्या आत असतो. त्यातून सहा मिलिमीटरची लेन्स घडी करून आत सरकवतात आणि ती आत उलगडते. शिबिरांमध्ये होणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत छेद सहा-सात मिलिमीटरचा, पण तिरका बोगद्यासारखा, त्यामुळे त्यालाही बहुधा टाका लागत नाही. म्हणजे जखम लहान झाली, यादी मात्र जुन्या जखमेच्या मापाचीच राहिली.

त्या यादीतलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे कारण कळलं की आपोआप ठरतं. बिनटाक्याची जखम डोळ्याच्या आतल्या दाबानेच मिटून राहते, झडपेसारखी. तिला दोनच शत्रू: बाहेरून येणारे जंतू आणि बाहेरून पडणारा दाब. नळाचं पाणी पहिल्यात येतं. म्हणून आठ-दहा दिवस डोक्यावरून अंघोळ नाही, गळ्याखालून करायची आणि तोंड ओल्या पंचाने पुसायचं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केस कापून, न्हाऊन घेतलेला माणूस शहाणा. फारच खाज सुटली तर चार दिवसांनी खुर्चीत बसून, मान मागे बेसिनवर टाकून, दुसऱ्याकडून केस धुवून घेता येतात, डॉक्टरांनी मान डोलावली असेल तर. पापण्या चिकटल्या की पाण्यात दहा मिनिटं उकळून थंड केलेला कापूस पिळून घ्यायचा, नाकाकडून कानाकडे एकदाच फिरवायचा आणि टाकून द्यायचा. काजळ, गुलाबपाणी, मध, साजूक तूप यांना महिनाभर सुट्टी. ‘डोळ्यांत तेल घालून जपा’ हे तर अजिबातच शब्दशः घेऊ नये.

दाबाचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे आपलाच हात. डोळ्यात पहिले काही दिवस कचकच होते, पापणीखाली रव्याचा कण अडकल्यासारखी. दिवसा आपण स्वतःला आवरतो, झोपेत हात कुणाचं ऐकत नाही. म्हणून रात्री ते भोकांचं प्लास्टिकचं कवच. ते लावायचं असं की कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकल्या पाहिजेत, पापणीवर नाही. चिकटपट्टी कपाळाच्या मधून गालाकडे तिरकी. कपाळाला तेल असेल तर पट्टी मध्यरात्री सुटते आणि कवच सकाळी पाठीखाली सापडतं, तेव्हा आधी कपाळ पुसून घ्यावं. काढताना पट्टी थोडी ओली केली तर भुवईचे केस शाबूत राहतात.

फोडणी द्यायची नाही, हेही त्याच हातामुळे. धुराने जखम चिघळत नाही. पण मिरचीचा ठसका लागतो, खोकला येतो, डोळ्यातून पाणी येतं आणि मिरचीचाच हात डोळ्याकडे जातो. एका कढईत एवढे सगळे गुन्हे. शिंक आली तर दाबू नये, तोंड उघडं ठेवून येऊ द्यावी. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून इसबगोल, पपई, भरपूर पाणी. हे सांगताना सगळे संकोचतात, म्हणून ते राहूनच जातं. पहिला आठवडा खाली वाकून केर काढणं नाही, दोन आठवडे पाच किलोच्या वरचं ओझं नाही. पाया पडायला वाकायचं नाही, दुसऱ्यांना मात्र पडू द्यायचं. तीन वर्षांचं नातवंड हे वजनाने आणि बोटांनी, दोन्हीकडून धोक्याचं. त्याला शेजारी बसवावं, मांडीवर घेऊ नये. त्याच्या बोटाचा नेम फार चांगला असतो.

आणि सोडायचं काय? टीव्ही बघू नका, हे सोडा. बघितल्याने डोळा झिजत नाही, थकला तर मिटावा. आंबट, वांगं, ताक, भात यांचा त्या जखमेशी काही संबंध नाही. मधुमेह असेल तर साखर तेवढी सांभाळायची, आणि भेटायला येणारे नेमके पेढे आणतात. ऑपरेशन थंडीतच करावं, हेही सोडा. घरात, तेही रात्री, काळा गॉगल घालून बाथरूमला जाणं तर मुद्दाम सोडा. गॉगल बाहेरच्या धुळीसाठी, वाऱ्यासाठी आणि उन्हासाठी. अंधारात घसरून मांडीचं हाड मोडलं तर डोळ्याचे सहा आठवडे परवडले म्हणायची वेळ येते.

लेन्स हलेल का, ही धास्ती प्रत्येकाला असते. ती ठेवलेली असते आपल्याच जुन्या भिंगाच्या पातळ पिशवीत. पोत्यातले तांदूळ काढून घ्यावेत आणि पोतं जागेवर ठेवावं, तशी ती पिशवी राहते, आणि लेन्सचे दोन बारीक हात आतून तिला टेकून बसतात. येत्या काही आठवड्यांत पिशवी आकसून लेन्सला घट्ट धरते. परकी वस्तू डोळा सहन करतो, हे कळलं ते दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांमुळे. विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे तुकडे त्यांच्या डोळ्यांत घुसून वर्षानुवर्षं निमूट पडून राहिले. ते बघून ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्याच जातीच्या प्लास्टिकची लेन्स पहिल्यांदा बसवली.

पट्टी निघाल्यावरची मजा मात्र रंगांची. वयाबरोबर आपलं भिंग पिवळट होत गेलेलं असतं आणि ते इतकं सावकाश की पत्ता लागत नाही. आता आळीपाळीने एकेक डोळा झाकून पाहा. एक डोळा जुन्या पिवळ्या बल्बखाली, दुसरा ट्यूबलाइटखाली. इतकी वर्षं मोतिया रंगाची वाटणारी भिंत पांढरी निघते. निळी साडी खरोखर निळी असते. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवरचा तेलाचा थर दिसतो आणि घरातलं वातावरण एक-दोन दिवस तापतं.

जवळचं लगेच दिसणार नाही. साधी लेन्स लांबच्या नजरेसाठी बसवलेली असते, वाचायला चाळीशी लागतेच. नंबर महिना-दीड महिन्याने काढायचा, कारण तोवर बुबुळाचा आकार स्थिरावत असतो. दहाव्या दिवशी केलेला महागडा चष्मा पुढे ड्रॉवरमध्ये पडतो. तोपर्यंत जुन्या चष्म्याची त्या बाजूची काच चष्मेवाल्याकडून काढून घ्यावी. चष्मा विचित्र दिसतो, पण काम भागतं.

वाट बघण्यात एक गोष्ट बसत नाही. डोळ्याचा नियम असा की कालपेक्षा आज थोडं बरं हवं. पहिल्या दिवशीची थोडी लाली, पाणी, दिव्याभोवती वलय, हे चालतं. पण दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, पू आला किंवा काल दिसत होतं ते आज दिसेना, तर सकाळची वाट पाहायची नाही. आतला संसर्ग बहुधा पहिल्या आठवड्यातच डोकं वर काढतो आणि तासांनी मोजला जातो. विजा चमकल्यासारखं दिसणं, अचानक काळ्या ठिपक्यांचा पाऊस, एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, हे कधीही झालं तरी तसंच. हॉस्पिटलचा रात्रीचा नंबर तक्त्यावरच मोठ्या आकड्यांत लिहून ठेवावा.

सहाव्या आठवड्यात दिवसाला एकच थेंब उरतो, आणि तोच सगळ्यात जास्त विसरला जातो. सहा वेळा होता तेव्हा घरात गजर होते, एकासाठी कोण लावणार? तो सकाळच्या दात घासण्याला जोडून द्यावा. शेवटचा थेंब पडला की बाटलीत पाव तरी औषध उरलेलं असतं. ते फ्रिजच्या दारात जपून ठेवायची फार इच्छा होते, दुसऱ्या डोळ्याला होईल म्हणून. दुसऱ्या डोळ्याची तारीख आली की तक्ता जुनाच काढा, रबरबँडही तेच वापरा. बाटल्या नव्या आणा.