पोले

नैरोबीला येताना बॅगेत सगळे सुती सदरेच भरले होते. आफ्रिका, त्यात विषुववृत्ताच्या शेजारी! जुलैत उतरलो आणि पहिल्याच रात्री दोन सदरे एकावर एक चढवून झोपलो. हे शहर जवळजवळ 1,800 मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच. निघण्यापूर्वी ते बघायची बुद्धी झाली नाही. सकाळी गेटवरच्या आस्कारीला, म्हणजे वॉचमनला म्हटलं, फार थंडी आहे. तो म्हणाला, ‘पोले.’

पोले म्हणजे सॉरी, हे ऑफिसात कळलं आणि वैताग सुरू झाला. लिफ्ट बंद, पोले. वीज गेली, पोले. फुटपाथवर ठेचकाळलो, तर समोरून येणारी अनोळखी बाई, पोले! अहो, तुमचा काय संबंध? शिवाय ‘पोले पोले’ म्हणजे सावकाश. आमच्या प्लंबरला हाच अर्थ जास्त आवडत असावा.

पार्कलंड्समध्ये राहतो, त्यामुळे खाण्यापिण्याचे हाल नाहीत. गुजराती दुकानदार पिढ्यान्‌पिढ्यांचे. 2017 मध्ये केनियाने इथल्या भारतीय वंशाच्या लोकांना 44वी जमात म्हणून मान्यता दिली. मी मात्र पाहुणाच.

भाजी कोपऱ्यावरच्या मामा म्बोगाकडून, म्हणजे भाजीवालीकडून. इथे मामा म्हणजे आई, हे पचायला वेळ लागला. ती सुकुमा विकी या इथल्या पालेभाजीच्या पानांची गुंडाळी डाव्या मुठीत धरते आणि पाटाबिटाशिवाय केसासारखी बारीक चिरते. एका संध्याकाळी तिथेच साताऱ्याहून दादाचा फोन आला: आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलंय. फोन ठेवला. तिने नुसतं बघितलं. मोडक्यातोडक्या स्वाहिलीत म्हणालो, ‘मामा म्गोंज्वा.’ आई आजारी.

सुरी थांबली. ‘पोले साना.’

बस. कुठला डॉक्टर, शुगर आहे का, एकटं का ठेवलंत, काही नाही. आमच्या नातेवाइकांनी पुढचे दोन दिवस जे फोनवरून केलं, त्यातलं एकही नाही. पुन्हा चिरायला लागली. पैसे मोबाइलवरून एम-पेसाने दिले, तर पिशवीत वरून कोथिंबिरीची जुडी टाकली. तिला इथे धनियाच म्हणतात.

तिसऱ्या रात्री दादा दवाखान्याच्या बाकड्यावरून बोलत होता. दोन रात्री झोपला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘पोले, दादा.’

‘पोळ्या?’ तो म्हणाला. ‘वहिनीने दिल्यात डब्यात.’