उन्हाच्या बाजूचे घर

आठवड्याच्या शेवटी चार तास प्रवास करून डोंगरात पोहोचायचे, दीड दिवस भटकायचे आणि रविवारी रात्री थकून परतायचे, असे मी आणि माझ्या पत्नीने अकरा वर्षे केले. घरून काम करण्याची कायमची मुभा मिळाली, तेव्हा सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या एका लहानशा डोंगरी गावात राहायलाच जायचे आम्ही ठरवले. त्या निर्णयाला आता तीन वर्षे झाली आहेत. अशा तयारीत असलेल्यांना उपयोगी पडेल, या हेतूने स्थिरस्थावर होईपर्यंतचा सगळा अनुभव मांडतो आहे.

आमची सर्वांत मोठी चूक घर निवडताना झाली. आम्ही जून महिन्यात घर पाहिले. खिडकीसमोर देवदारांचा उतार, मागे ओढा आणि दिवसभर प्रसन्न उजेड असे ते घर पाहताच आवडले, आणि त्याच आठवड्यात भाडेकरारावर सह्या झाल्या. ते उत्तरेकडे उतरणाऱ्या बाजूवर आहे आणि दक्षिणेला लगेचच डोंगराची उंच सोंड आहे, हे डोळ्यांना दिसत होते. पण त्याचा अर्थ मनात उमटला नव्हता. उत्तर गोलार्धात कर्कवृत्ताच्या पलीकडे जूनमधल्या मध्यान्हीच्या सूर्यापेक्षा डिसेंबरमधला मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४७ अंश खाली असतो. परिणामी नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य त्या सोंडेआड गेला, तो जानेवारी संपत आल्यावरच आमच्या अंगणात पुन्हा दिसला. समोरच्या उतारावरची घरे रोज उन्हात न्हात असत आणि आमच्या पायरीवर पडलेला पहिला बर्फ दोन महिने तसाच घट्ट बसून राहिला.

याचा हिशोब अगदी साधा आहे आणि तो घर पाहतानाच करता येतो. ९० मधून त्या ठिकाणचे अक्षांश वजा करावेत, त्यातून आणखी साडेतेवीस वजा करावेत. उरतात तितके अंश २१ डिसेंबरच्या आसपास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजाच्या वर असतो. हात पूर्ण लांब करून मूठ डोळ्यांसमोर धरली, तर तिची रुंदी साधारण १० अंश भरते. अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे आणि डोळ्यांच्या पातळीपासून मुठीवर मूठ ठेवत समोरच्या डोंगरमाथ्यापर्यंत मोजावे. माथा सूर्याच्या त्या उंचीपेक्षा वर भरला, तर ऐन हिवाळ्यात त्या घराला दुपारचे ऊन मिळणार नाही. घर पाहायला गेलेल्या प्रत्येकाने ही दोन मिनिटे काढावीत, असे मला मनापासून वाटते, कारण नळ, भिंती, जळण, कपड्यांची ओल आणि माणसाचे मन या सगळ्यांचा हिवाळा त्यावरच ठरतो.

आमचे नळही त्याच सावलीने फोडले. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते, हे शाळेत शिकलो होतो. पण नळी फुटते गोठताना आणि कळते बर्फ वितळल्यावर, हे मला त्या सकाळी स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत पाणी साचल्यावर समजले. तेव्हापासून कडाक्याच्या रात्री मुख्य नळ बंद करून नळ्या रिकाम्या करण्याची सवय लागली.

शरीर रुळायलाही वेळ लागला. या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७८ टक्केच असल्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी येतो. पहिल्या काही दिवसांत श्वास वाढतो आणि रक्तातील द्रव कमी होऊन रक्त दाट होते. नव्या तांबड्या पेशींची खरी भर पडायला मात्र कित्येक आठवडे जातात. अकरा वर्षे डोंगर चढलेल्या मला पहिला महिना चढणीवर दर दहा मिनिटांनी थांबावे लागत असे आणि रात्रीची झोपही तुटक येत असे. साधारण सहा आठवड्यांनी दम टिकू लागला. येथे येताच मोठ्या मोहिमा आखण्याचा मोह अनेकांना होतो. त्या पहिल्या दोन महिन्यांत आखू नयेत.

खरी कसोटी मात्र वेळेची होती. डोंगर दारात असला, तरी नोकरी सकाळी नऊला सुरू होत होती, आणि पहिले तीन महिने मी शहरात असताना भटकत होतो त्याहून कमी भटकलो. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग दाटून गडगडाट सुरू होतो. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आलेले असते, आणि त्या वेळी धारेवर असणे जिवावर बेतू शकते. म्हणजे फिरण्याची वेळ सकाळचीच. मी कार्यालयाशी बोलून कामाची वेळ अकरा ते सात अशी करून घेतली. त्यासाठी दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला, पण येथील जगणे खऱ्या अर्थाने सुरू झाले ते त्या मंजुरीनंतरच.

मग एका वहीत मी पायवाटा अंतराने नव्हे, तर वेळेने लिहू लागलो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम त्यासाठी आजही उपयोगी पडतो: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या घरामागची खिंड चार किलोमीटरवर आणि ४५० मीटर चढाईवर आहे, म्हणजे वर जायला सुमारे दीड तास. सव्वापाचला निघालो, तर पावणेसातला खिंडीत, थोडे थांबून साडेआठपर्यंत घरी आणि अकराला कामावर. ‘दीड तास’, ‘अडीच तास’ आणि ‘अर्धा दिवस’ अशी तीन पाने भरली, तेव्हा आपण खरोखर येथे राहतो आहोत असे प्रथमच वाटले.

हिवाळ्यासाठी आम्ही हिमस्खलनाचे प्रशिक्षण घेतले. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात आणि गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवण्यासाठी पहिली १०-१५ मिनिटेच हाती असतात. म्हणजे बाहेरून मदत येण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो, सोबतच्यांनीच शोधून खणावे लागते. दोघांकडे संकेतयंत्र (बर्फाखालच्या माणसाचा ठाव लावणारे), शोधकाठी आणि फावडे असल्याशिवाय आम्ही बर्फाच्या उतारावर पाऊल ठेवत नाही.

वर्षाअखेरीस घरमालकाने करार वाढवण्यास नकार दिला, कारण पर्यटकांना दिवसाच्या हिशोबाने घर दिल्यास त्याला अधिक मिळत होते. मला राग आला. पण येथील शिक्षिका, बर्फ हटवणारे चालक आणि दवाखान्यातील परिचारिका यांना आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांमुळेच घरे मिळेनाशी झाली आहेत, हेही त्याच वेळी लक्षात आले. ही बाब लहान नाही आणि येथे येणाऱ्याने ती डोळ्यांआड करू नये. आम्ही पायवाटा दुरुस्त करणाऱ्या गटात जाऊ लागलो. वाटेवरून पाण्याचा लोंढा माती ओढून नेऊ नये म्हणून तिरके दगड एकमेकांना खेटून रोवायचे, त्यांच्या वरच्या बाजूला उथळ चर काढायचा आणि पाणी उताराकडे वळवायचे, हे काम मी तेथे शिकलो. दगडाचा दोन-तृतीयांश भाग जमिनीत गेला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात तो निखळतो, असे शेजारचे काका प्रत्येक दगड हलवून पाहत सांगत.

दुसरे घरही त्याच काकांनी सुचवले. ते समोरच्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर आहे. लहान आहे आणि वर पोहोचायला ८६ पायऱ्या चढाव्या लागतात. या वेळी आम्ही अंगणात उभे राहून मुठी मोजल्या आणि त्यानंतरच आत पाऊल टाकले. घर विकत घेण्याचा विचार अजून केलेला नाही. आणखी एक हिवाळा काढून मगच त्यावर बोलायचे असे ठरले आहे. डिसेंबरात सकाळी दहाच्या सुमारास ऊन खिडकीत येते आणि साडेतीनपर्यंत राहते. माझे कामाचे टेबल त्याच खिडकीशी आहे.