लाँचच्या टेबलावरचा लॅपटॉप: आधी एअरप्लेन मोड लावा

लाँचमध्ये एका मशीनवर जेमतेम दहा मिनिटं हात फिरवायला मिळतो. त्यातली निम्मी ठरलेल्या डेमोत जातात. २० मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’, म्हणजे एआयसाठी बनवलेले विंडोज लॅपटॉप, जाहीर केले. त्या लॅपटॉपचा डेमो म्हणजे पेंटमध्ये चार रेघोट्या मारायच्या आणि त्यांचं चित्र झालेलं बघायचं. तो बघून घ्या, मग कामाला लागा.

या नावाला किमान ४० टॉप्सचा एनपीयू (एआयची कामं करणारा प्रोसेसरचा भाग), १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी लागते. एक टॉप्स म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी क्रिया. एनपीयू खरंच राबतोय का, ते असं बघा: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये एनपीयू निवडा, कॅमेरा सुरू करून स्टुडिओ इफेक्ट्समधून मागची बाजू धूसर करा. एनपीयूचा आलेख चढायला हवा.

आता एअरप्लेन मोड. पेंटमध्ये रेघोट्यांचं चित्र करणारा कोक्रिएटर अडतो. चित्र मशीनवरच बनतं, पण आक्षेपार्ह काही नाही ना, ही तपासणी नेटवरून होते. ऐकू येणारं बोलणं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या लाइव्ह कॅप्शन्समधलं भाषांतर मात्र चालतं, भाषेची फाइल आधी उतरवलेली असली तर. आणि ‘लवकरच येणार’ म्हटलेलं धरूच नका. पडद्यावर पाहिलेलं नंतर शोधून देणारं रिकॉल १८ जून २०२४ ला यायचं होतं, सर्वांपर्यंत पोचलं एप्रिल २०२५ मध्ये.

खरी मेख प्रोसेसरची. पहिल्या खेपेतले सगळे लॅपटॉप स्नॅपड्रॅगन एक्सचे, म्हणजे एआरएम, इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या रचनेचे. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये आर्किटेक्चरचा रकाना सुरू करा. तुमच्या प्रोग्रामपुढे एक्स६४ (इंटेल-एएमडीची रचना) दिसलं, तर तो प्रिझम या विंडोजमधल्या दुभाष्याच्या भाषांतरावर चालतोय. बहुतेक प्रोग्राम त्यावर निभावतात, ड्रायव्हर नाही. ड्रायव्हर, म्हणजे एखादं उपकरण विंडोजशी जोडणारा प्रोग्राम, विंडोजच्या गाभ्यात बसतो आणि तिथे प्रिझम पोचत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला हवा. म्हणून जुना प्रिंटर, ऑफिसचा व्हीपीएन, गेममधली अँटी-चीट (लबाडी पकडणारी यंत्रणा) यांची आधी चौकशी करा. छपाईवाल्यांनी तर डीटीपी सॉफ्टवेअरच्या डोंगलची, म्हणजे ते उघडणाऱ्या यूएसबी किल्लीची, नक्कीच करावी. डोंगलचा ड्रायव्हर नसेल तर अख्खं सॉफ्टवेअर कुलूपबंद. इंटेल-एएमडीच्या मशीनवर ही कटकट नाही.

रॅम बहुधा सोल्डर केलेली असते, मग ती नंतर वाढत नाही. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० व्ही मालिकेत ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसते, १६ किंवा ३२ जीबी. व्हिडिओ एडिटिंग करणार असाल तर १६ वर भागवू नका.

चार्जर काढून तेच काम पुन्हा करून बघा. काही मशीन बॅटरीवर लगेच सुस्तावतात, आणि टेबलावर चार्जर नेहमी लावलेलाच असतो. पडदा ओलेड असेल तर ब्राइटनेस २० टक्क्यांवर आणून फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून पाहा. पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतोय, आणि रात्री मंद उजेडात वाचताना काहींचे डोळे त्याने दुखतात. हॉलमधल्या झगझगाटात पूर्ण ब्राइटनेसवर ठेवलेल्या मशीनवर हे दिसत नाही.