कितीला विकलीत?

युरोपात दोन-चार दिवसांसाठी भाड्याची गाडी घेतली की पहिला अर्धा तास गाडीभोवती प्रदक्षिणा घालण्यात जातो. बंपरवरचा ओरखडा, रिमवरची खोक, सगळ्यांचे फोटो काढायचे. नंतर कुणी आपल्यावर ढकलायला नको! शिवाय काउंटरवर विम्याची घासाघीस. नुकसान झालं तर अमुक युरोंपर्यंत तुम्हीच भरायचे, ते नको असेल तर रोजचे जादा पैसे.

फ्रान्समध्ये याला एक वेगळी वाट आहे. तुम्ही युरोपियन युनियनबाहेर राहणारे असाल आणि साधारण तीन आठवडे तरी फिरणार असाल, तर रेनॉ, प्यूजो अशा कंपन्यांची कोरी गाडी लीजवर मिळते. कोरी म्हणजे खरंच कोरी. कागदोपत्री तुम्ही ती विकत घेता, ठरल्या तारखेला परत विकत घ्यायचं कंपनी आधीच कबूल करते आणि तुमच्या खिशातून जाते ती फक्त मधली रक्कम. पाहुण्याची तात्पुरती गाडी म्हणून करात सवलत, विमा संपूर्ण, किलोमीटरला मर्यादा नाही. आपण गेल्यावर कंपनी तीच गाडी सेकंडहँड म्हणून विकून मोकळी.

पॅरिसच्या रवासी (शार्ल द गोल) विमानतळाजवळ आम्ही गाडी ताब्यात घेतली. नोंदणीच्या कागदावर माझं नाव बघून आईचा चेहराच बदलला.

"म्हणजे आपल्या नावावर आहे?"

"तीन आठवडे, आई."

"असू दे. नावावर आहे ना?"

पर्समधून कुंकवाची डबी निघाली. नारळ नव्हता, लिंबू नव्हतं. बॉनेटवर बोटभर स्वस्तिक आणि हात जोडून नमस्कार, एवढ्यावर भागलं. किल्ली देणारी मुलगी अदबीने दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. विमा संपूर्ण असल्यामुळे असेल, पण तिने हरकत घेतली नाही.

गाडीची पाटी लाल. आपल्याकडे अजून पासिंग न झालेल्या शोरूमच्या गाड्यांना लाल पाटी असते, तसंच काहीसं. पण इथे कडेला मुदत संपण्याचा महिना आणि वर्षही छापलेलं. टाकीत इंधन जेमतेम, म्हणून पहिला मुक्काम पेट्रोल पंप. तिथे फ्रेंच येत नसेल तरी अडत नाही: युरोपभर पेट्रोलच्या नळीवर वर्तुळ असतं, डिझेलच्या नळीवर चौकोन, आणि टाकीच्या झाकणाजवळही तीच खूण.

मग रस्ता. हायवेला 130ची मर्यादा, पाऊस आला की 110. गावातल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग तो गल्लीतून का येईना. हा नियम मला शेवटपर्यंत अन्यायकारक वाटला.

पण खरी गंमत आमच्याच वागण्याची. भाड्याच्या गाडीत आम्ही चिवड्याचा फराळ करतो, चिखलाचे बूट तसेच आत घालतो. इथे एका पैशाची जोखीम नसताना दार हळू लावा, सीटवर आधी टॉवेल अंथरा. लोआर नदीच्या काठी एका झाडाखाली पक्ष्यांनी छप्पर रंगवलं, तर बाटलीभर प्यायचं पाणी खर्चून ते धुतलं. ‘आपली’ म्हटल्याबरोबर अंगात येणारं हे मालकपण पैसे मोजल्याने येत नसावं. सही केली की पुरतं.

परत देताना आईने काचा पुसल्या होत्या. माणसाने किल्ली घेतली, काटा वाचला, कागदावर सह्या घेतल्या आणि गाडीकडे धड पाहिलंसुद्धा नाही. आई दुखावली. "एवढी नीट ठेवली, बघ तरी म्हणावं."

पुण्यात आल्यावर शेजारच्या काकांना तिने सविस्तर वृत्तांत दिला: आपल्या नावावर नवी गाडी घेतली, फिरवली, कंपनीलाच परत दिली. काकांनी नेमका प्रश्न विचारला, "कितीला विकलीत?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी चहा टाकायला आत गेले.