पुस्तकात अडकवलेले बोट

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले तेव्हा मला सर्वप्रथम सभागृहातील संस्थापक मुख्याध्यापकांचे तैलचित्र आठवले आणि त्यापाठोपाठ आमचे चित्रकलेचे सर. सर स्वतः जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. इतर शिक्षकांचे ऋण मी नाकारत नाही, परंतु गिरगावच्या चाळींतून आलेल्या आम्हा मुलांना पाहायला शिकवले ते सरांनीच.

आठवीत असताना स्नेहसंमेलनापूर्वी ते चित्र पुसण्यासाठी खाली उतरवले होते. ‘‘यांचा मान कशात दिसतो?’’ सरांनी विचारले. पगडी, उपरण्याची जरीची किनार, मागचा मखमली पडदा, अशी उत्तरे आम्ही भराभर दिली. ‘‘आणि स्वभाव?’’ यावर कोणी बोलेना. तेव्हा त्यांनी चित्रातला उजवा हात दाखवला. मिटलेल्या पुस्तकात तर्जनी तशीच अडकवलेली होती. ‘‘पडदा कुठल्याही शेटजींच्या मागे रंगवता येतो. हे मात्र वाचता वाचता उठले आहेत, आणि आपण गेलो की तेच पान उघडणार आहेत.’’

पुढच्या तासाला त्यांनी जर्मन चित्रकार होल्बाइनने १५२३ साली रंगवलेल्या इरॅस्मस या युरोपीय विद्वानाचे, एका जुन्या मासिकातून कापलेले चित्र आणले. इरॅस्मसच्या बोटांत अंगठ्या आहेत, म्हणजे प्रतिष्ठा आहेच; पण तो आपल्याकडे पाहतच नाही, त्याची नजर लेखणीच्या टोकाशी खिळलेली आहे. वास्तुविशारद झाल्यावर कामानिमित्त पॅरिसला गेलो असता लूव्हर संग्रहालयात ते मूळ चित्र पाहिले. उंची हातभरसुद्धा नाही! न्यूयॉर्कला डच चित्रकार रेम्ब्राँटचा १६५३ सालचा अ‍ॅरिस्टॉटल पाहिला, तेव्हाही गळ्यातल्या सोन्याच्या साखळीआधी माझी नजर ग्रीक महाकवी होमरच्या अर्धपुतळ्यावर टेकलेल्या त्याच्या हाताकडे गेली. ही सवय सरांची.

गेल्या वर्षी शाळेत आलो तर सभागृह वातानुकूलित झालेले आणि तैलचित्राच्या जागी त्याचीच फ्लेक्सवरची छपाई. चौकटीत बसावी म्हणून ती छातीपर्यंतच कापली आहे. पगडी राहिली, हात गेले. मूळ चित्र ग्रंथालयामागच्या अडगळीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवलेले आहे, हे शिपाईकाकांनी दाखवले म्हणून कळले. कॅनव्हास खालच्या कोपऱ्यात सैल झाला आहे, रंग मात्र शाबूत आहे. त्याच्या दुरुस्तीचा खर्च मी करीन, असे पत्र मी संस्थेला दिले आहे.