हजला निघण्यापूर्वी: एका यात्रेचा वृत्तांत आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

२०१९ साली शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा हजचा खर्च भागेल एवढी रक्कम हाताशी होती, डोक्यावर कर्ज नव्हते आणि मुले मार्गी लागली होती. तरीही पुढची पाच वर्षे मी अर्ज भरला नाही. कोणी विचारले की ‘अजून मन तयार नाही’ असे सांगत असे आणि ते मला अगदी मनापासून वाटत असे. ज्याचे नमाजमध्ये लक्ष लागत नाही, ज्याला राग आवरत नाही, त्याने अल्लाहच्या घरी कोणत्या तोंडाने जावे, हा प्रश्न मला खरोखर छळत होता. अखेर २०२५ च्या मे-जूनमध्ये पत्नीसह हज करून आलो. हाच प्रश्न उराशी धरून थांबलेली बरीच माणसे आता भेटायला येतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

आम्ही दापोली तालुक्यातले कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई मजहबचे (धर्मनियमांच्या परंपरेचे). मोहल्ल्यातल्या मौलानांना मी माझी अडचण सांगितली तेव्हा त्यांनी मला मनाविषयी काहीच विचारले नाही. पैसा आहे का, प्रकृती ठीक आहे का, मागे राहणाऱ्यांच्या खर्चाची सोय आहे का, आणि कोणाचे देणे आहे का, एवढेच चार प्रश्न त्यांनी विचारले. नंतर म्हणाले, “मास्तर, ऐपत आली की हज फर्ज, म्हणजे बंधनकारक, झाला. हनफी मजहबात तो लगेच करावा लागतो. आपल्या मजहबात पुढे करण्याची नियत पक्की असेल तर विलंबाची मुभा आहे, पण ऐपत असून हज न करता मौत आली तर गुन्हा अंगावर राहतो आणि वारसांना तुमच्या मालमत्तेतून हज करवून घ्यावा लागतो.” कुरआनच्या सूरह आले इम्रानमध्येही अट घातली आहे ती त्या घरापर्यंत पोहोचण्याच्या ऐपतीची, आधी मन स्वच्छ व्हावे आणि मग निघावे, असे तिथे म्हटलेले नाही. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही, कारण चार प्रश्नांपैकी शेवटच्याचे मी दिलेले उत्तर खोटे होते.

बँकेचे कर्ज नव्हते हे खरे. मात्र आमच्या आणि चुलतभावाच्या जमिनीच्या सामाईक बांधावर हापूसची दोन कलमे आहेत, आणि एका जुन्या भांडणानंतर सहा वर्षे त्यांचे सगळे उत्पन्न मीच घेत होतो. वाशीच्या दलालाकडून आलेल्या आंब्याच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) मी तारेला टोचून ठेवतो. त्या सगळ्या काढून त्या दोन कलमांच्या पेट्यांचा हिशेब केला, तेव्हा त्याचा अर्धा वाटा ४१ हजार ३०० रुपये निघाला. दुपारनंतरच्या असरच्या नमाजनंतर पाकीट घेऊन त्याच्याकडे गेलो. तो पडवीत बसला होता. हिशेबाचा कागद त्याच्यापुढे ठेवला, झाले ते चुकीचे झाले असे म्हणालो आणि माफी मागितली. त्याने कागद वाचला, नोटा दोनदा मोजल्या, “बरोबर आहेत, भाई” एवढेच म्हणाला आणि उठून आत गेला. माफ केले असे तो म्हणाला नाही. मी बराच वेळ पडवीत उभा राहिलो आणि परत आलो. मौलानांना सांगितल्यावर ते म्हणाले की हक्क पोहोचवणे आणि माफी मागणे हे तुमचे काम होते, त्याचे मन त्याच्याकडे आहे.

जाणाऱ्या प्रत्येकाला माझी पहिली सूचना हीच आहे. कुर्रा म्हणजे सोडत लागण्याची वाट न पाहता, अर्ज भरतानाच माणसांची देणी लिहून काढावीत. अल्लाहच्या हक्कांत कमी पडलो तर तौबा करता येते, पण हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, हजनेही आपोआप फिटत नाहीत. माझे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. बोटीचा तो प्रवास १९९५ नंतर बंद झाला. परत येऊच याची खात्री नसल्यामुळे त्या पिढीची माणसे निघण्यापूर्वी खरोखर घरोघर जाऊन कहासुना (बोलण्या-वागण्यातले चुकले-माकले) माफ करून घेत असत आणि वसियत (मृत्युपत्र) लिहून ठेवत असत. आता आपण व्हॉट्सॲपवर एकच मजकूर दोनशे जणांना पाठवतो. ज्या तीन-चार जणांशी खरा वाद आहे त्यांच्या दारात त्याने पाऊल पडत नाही. वसियत मात्र आजही लिहून ठेवावी. ती लिहिताना मला माझ्या आयुष्याचा आवाका जेवढा स्पष्ट दिसला तेवढा कोणत्याही प्रवचनात दिसला नव्हता.

शरीराची तयारी किमान चार महिने आधी सुरू करावी. सफा आणि मरवा या टेकड्यांमधल्या सईच्या सात फेऱ्यांतच तीन किलोमीटरहून अधिक चालणे होते. त्याआधी तवाफ, म्हणजे काबाभोवतीच्या सात फेऱ्या, असतो, आणि हजच्या पाच दिवसांत काही दिवशी दहा-बारा किलोमीटरही चालावे लागते. आम्ही दोघे पहाटेच्या फज्र नमाजनंतर खाडीपर्यंत जाऊन परत येत असू, आणि ज्या चपला तिकडे घालायच्या होत्या त्याच घालून चालत असू. नव्या चपलेने मक्केत पाय सोलवटलेली कितीतरी माणसे मी पाहिली. हज समितीच्या प्रशिक्षण शिबिराला कंटाळा न करता जावे, लसीकरण वेळेत करून घ्यावे आणि नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पुरेशी घ्यावीत.

शाफई मंडळींनी एक प्रश्न इथेच सोडवून जावे. आपल्या मजहबात परस्त्रीच्या किंवा परपुरुषाच्या त्वचेचा थेट स्पर्श झाला तर वजू (नमाज-तवाफसाठी लागणारी शुद्धी) तुटतो, आणि तवाफच्या गर्दीत तो टाळणे जवळपास अशक्य असते. अशा वेळी काय करायचे हे आपल्या आलिमांना विचारून, नीट समजून घ्यावे. नाहीतर सातही फेऱ्या शंकेतच जातात. स्त्रियांनी मासिक पाळीविषयीचे नियम संकोच न करता आधीच विचारावेत. पाळी चालू असताना तवाफ सोडून हजचे बाकी सर्व विधी करता येतात. तवाफे जियारत, म्हणजे हजचा अनिवार्य तवाफ, मात्र पाक (शुद्ध) झाल्यावरच करावा लागतो, त्यामुळे परतीच्या तारखेशी त्याचा मेळ बसतो की नाही हे पाहावे आणि डॉक्टरांचा सल्लाही घ्यावा.

खेडहून रेल्वेने आम्ही मुंबईला आलो. हज हाऊसमध्ये कागदपत्रे आणि नाव-क्रमांक कोरलेले स्टीलचे कडे मिळाले. ते कडे परत येईपर्यंत मनगटावरून काढू नये. आमचे विमान थेट जिद्दाचे असल्यामुळे एहराम, म्हणजे यात्रेकरूचा पेहराव, मुंबईतच बांधला. आधी मदिनेला जाणाऱ्यांनी तो तिथून मक्केला निघताना जुल-हुलैफा येथे बांधायचा असतो. यलमलमची मीकात, म्हणजे एहरामशिवाय ओलांडू नये ती हद्द, जवळ आल्याची सूचना विमानात होते. झोप लागण्याची भीती असेल तर त्याआधीच नियत करून तलबिया (हजचा घोष) सुरू करावा. दोन न शिवलेल्या चादरींत बसलेलो असताना माझ्या शेजारी एक बडा व्यापारी होता आणि त्याच्या पलीकडे एक मच्छीमार होता, हे मला बोलण्यातून कळले; पाहून कळण्यासारखे काहीच उरले नव्हते.

आपल्याकडचे बहुतेक लोक हज-ए-तमत्तू करतात, म्हणजे आधी उमराह (तवाफ आणि सईची छोटी यात्रा), मग एहराम सोडायचा आणि जिलहिज या हजच्या महिन्याच्या ८ तारखेला हजसाठी पुन्हा बांधायचा. मधल्या दिवसांत आमचा मुक्काम मक्केतल्या अझीझिया भागात होता. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खोल्या वेगवेगळ्या होत्या, तेव्हा औषधे, पैसे आणि फोनचे चार्जर दोघांनी आपापले वेगळे ठेवावेत. हरमला, म्हणजे काबाच्या मशिदीकडे, जाणाऱ्या बसगाड्या हजच्या आधी काही दिवस बंद होतात. त्या दिवसांत हट्टाने चालत जाऊन थकून घेण्यापेक्षा जवळच्या मशिदीत नमाज पढावी आणि ताकद राखून ठेवावी. रोज दोन-तीन तवाफ करण्याच्या उत्साहात ऐन हजच्या वेळी तापाने फणफणलेले हाजी आमच्याच मजल्यावर होते. चपलांसाठी खांद्याला अडकवायची कापडी पिशवी न्यावी, आणि हरमच्या ज्या दरवाजाने आत गेलो त्याचा क्रमांक फोनमध्ये टिपून ठेवावा.

८ जिलहिजला मीना, म्हणजे मक्केजवळची तंबूंची वसाहत. तंबूत प्रत्येकाच्या वाट्याला अंगापुरती गादी येते आणि स्वच्छतागृहापुढे मोठी रांग असते, म्हणून अजानच्या तासभर आधीच उठावे. ९ जिलहिज म्हणजे ५ जून, गुरुवार, हा अरफातच्या मैदानात थांबण्याचा दिवस. २०२४ मध्ये मक्केत तापमान ५१ अंशांवर गेले होते आणि १,३०० हून अधिक माणसे दगावली होती. त्यामुळे या वेळी सकाळी १० ते दुपारी ४ तंबूबाहेर पडू नये अशी सक्त सूचना होती. ती पाळावी. तिथल्या जबले रहमत या टेकडीवर चढणे हजसाठी आवश्यक नाही. अरफातच्या हद्दीत कुठेही थांबले तरी वुकूफ होतो.

या दुपारविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण मी पाच वर्षे ज्या ‘तयार मना’ची वाट पाहिली त्याची खरी कसोटी इथे होईल असे मला वाटत होते. निघताना गावातल्या लोकांनी दुआसाठी सांगितलेली नावे मी एका साठ पानी वहीत लिहून नेली होती: कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे डायलिसिस, कोणाचा आखातात अडकलेला मुलगा. दुपारच्या जोहर नमाजनंतर ती उघडून बसलो. माझ्या उजवीकडचा तरुण हुंदके देऊन रडत होता, डावीकडचे वृद्ध गृहस्थ थरथरत होते आणि माझ्या डोळ्यांत पाण्याचा थेंब नव्हता. घामाने वहीची पाने बोटांना चिकटत होती. मी एकेक नाव वाचत गेलो, चुलतभावाचे नाव आले तेव्हा तेही वाचले, आणि सूर्य मावळेपर्यंत मधली विश्रांती सोडली तर तेवढेच करत राहिलो. आपले मन दगडाचे आहे या विचाराने मी हादरलो होतो. पण ‘हज म्हणजे अरफात’ असे पैगंबर साहेबांनी सांगितले आहे, आणि वुकूफ या शब्दाचा अर्थच थांबणे असा आहे. नियत करून त्या वेळी त्या हद्दीत हजर असणे हा हजचा रुक्न, म्हणजे आधारस्तंभ, आहे, आणि मी हजर होतो. ज्यांना तिथे रडू येईल त्यांच्यावर अल्लाहची मोठी मेहरबानी. ज्यांना येणार नाही त्यांनी घाबरून दुआ सोडू नये, वहीतली नावे वाचत राहावीत.

सूर्यास्तानंतर मुज्दलिफा: उघडे आकाश, एक चटई, आणि मगरिब-ईशा या संध्याकाळच्या व रात्रीच्या नमाज एकत्र. सैतानाचे प्रतीक असलेल्या खांबांवर मारायचे खडे इथेच वेचून छोट्या बटव्यात ठेवावेत. १० तारखेला ७ आणि ११ व १२ ला रोज २१ असे ४९ लागतात, १३ तारखेलाही थांबणाऱ्यांना ७०. दोन-चार जास्त घ्यावेत, कारण गर्दीत हातातून पडतात.

१० तारखेला मी स्वतः चुकलो. रमी (खडे मारणे) करून आल्यावर कुर्बानी झाल्याचा निरोप येण्यापूर्वीच मी हलक (मुंडण) करून घेतला. शाफई मजहबात या विधींचा क्रम सुन्नत (इष्ट) आहे, तर हनफी मजहबात तो वाजिब (आवश्यक) आहे. तंबूतल्या मराठवाड्याच्या एका हाजींनी, काळजीपोटीच, तुमचा हज बिघडला असे मला सांगितले, आणि मी त्यांना चारचौघांत, वर्गात मुलांना गप्प करावे तशा आवाजात, अज्ञानी ठरवले. सूरह बकरहमध्ये हजच्या काळात भांडण नाही असे स्पष्ट म्हटले आहे. ती आयत मी शिबिरात तोंडपाठ केली होती. रात्री त्यांच्या गादीपाशी जाऊन माफी मागितली. त्यांनी माझा हात बराच वेळ धरून ठेवला. रांग, पाणी, गादी, पंखा आणि मसाइल (धर्मनियमांचे प्रश्न) या पाच गोष्टींवरून तंबूत वाद होतात. प्रत्येकाने आपल्या मजहबाचे नियम आधी शिकून यावेत आणि दुसऱ्याचेही थोडे ठाऊक असू द्यावेत.

तवाफे जियारत आम्ही ११ तारखेला रात्री उशिरा केला. पत्नीचा गुडघा सुजला होता, म्हणून तिच्यासाठी वरच्या मजल्यावर चाकाची खुर्ची घेतली. वरची फेरी खूप लांब पडते, पण धक्काबुक्की कमी असते. हजनंतर मदिनेतले आठ दिवस शांततेत गेले. तिथल्या पैगंबरांच्या मशिदीतल्या रियाजुल जन्ना या जागेच्या भेटीची वेळ नुसूक ॲपवर आधी घ्यावी लागते, ती मुलांकडून शिकून घ्यावी. परतीच्या वेळी जमजम विहिरीचे पाच लिटर पाणी मिळते. त्याशिवाय आणखी जमजम सामानात बांधून आणू नये.

परत आल्यावर लोक विचारतात, आता मन कसे आहे? राग अजून येतो. या हंगामात वाशीहून पहिली पट्टी आली त्याच दिवशी बांधावरच्या कलमांची अर्धी रक्कम मी चुलतभावाच्या घरी नेऊन दिली. त्याने ती पहिल्यासारखीच दोनदा मोजून घेतली.