'महिला विशेष' नको, कोष्टक पूर्ण द्या

सायकलच्या मासिकात नव्या सायकलीचे परीक्षण आले की आधी एकच गोष्ट शोधावी. चालवणाऱ्याची उंची आणि वजन किती, आणि सायकल कोणत्या मापाची होती? बहुतेक परीक्षणांत सायकल मधल्या मापाची, म्हणजे 54 किंवा 56 सेंमीची असते आणि चालवणारा पावणेसहा फुटांच्या वरचा पुरुष. 'उतारावर अगदी स्थिर', 'चढाला हलकी' हे शेरे त्या मापापुरते खरे असतात. पाच फूट एक इंच उंचीच्या बाईला त्याच नावाची जी सायकल दुकानात मिळते, तिचे कोन वेगळे, नळ्यांची लांबी वेगळी आणि वळण्याची तऱ्हाही वेगळी. ती मासिकाने चालवून पाहिलेलीच नसते.

बायकांसाठी काही करायचे ठरले की मासिके वर्षातून एकदा विशेषांक काढतात किंवा एक रंगीत पान देतात. या वाटेला सव्वाशे वर्षे होऊन गेली. 1890 च्या दशकात लंडनहून 'द लेडी सायकलिस्ट' आणि 'द व्हीलवुमन' ही खास स्त्रियांची पत्रे निघत होती, आणि दोन्ही फार काळ टिकली नाहीत. 1974 मध्ये टेनिसपटू बिली जीन किंग यांनी अमेरिकेत 'विमेनस्पोर्ट्स' सुरू केले. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'ची स्त्रियांसाठीची वेगळी आवृत्ती 2002 मध्ये बंद पडली. जाहिराती आटल्या की सगळ्यात आधी वेगळे पान जाते, त्यामुळे स्त्रियांना लागणारी माहिती वेगळ्या पानावर ठेवणेच धोक्याचे आहे. ती रोजच्या परीक्षणात, मापांच्या रोजच्या कोष्टकात हवी. 1891 पासून चालत आलेल्या ब्रिटनच्या 'सायकलिंग वीकली'ने 2017 मध्ये एका क्लबच्या फोटोखाली 'शोभेपुरती देखणी बाई' अशा अर्थाची ओळ छापली आणि मग माफी मागितली. तसला अपमान लगेच डोळ्यांत भरतो. कोष्टकात न छापलेला आकडा कोणाच्या लक्षात येत नाही, आणि गुडघा, मनगट, मांड्या यांचे नुकसान मात्र त्यानेच होते.

म्हणून कोष्टक कसे वाचायचे ते नीट पाहू. फ्रेमसाठी दोन आकडे कामाचे: स्टॅक आणि रीच. पेडलच्या मधल्या आसापासून हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतचे उभे अंतर म्हणजे स्टॅक आणि आडवे अंतर म्हणजे रीच. परीक्षणात बऱ्याचदा फक्त टॉप ट्यूबची (सीटकडून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीची) लांबी दिलेली असते आणि लहान मापात तीच फसवते. लहान फ्रेममध्ये सीटट्यूब, म्हणजे सीटखालची नळी, जास्त उभी केलेली असते, 73 अंशांऐवजी 75. सीटची उंची 68 सेंमी धरली तर एका अंशाला सीट साधारण 1.1 सेंमी पुढे सरकते. म्हणजे दोन अंशांत टॉप ट्यूब साधारण दोन सेंमीने आखूड दिसते. पण पेडलवर पाय नीट पडावेत म्हणून सीट मागे ढकलावीच लागते, आणि कागदावर वाचलेले अंतर रस्त्यावर परत येते. सर्वांत लहान आणि मधल्या मापाच्या रीचमध्ये कित्येकदा एक-दीड सेंमीचाच फरक असतो. बसणाऱ्यांच्या उंचीत मात्र वीस सेंमीचा फरक असू शकतो. खांदे आणि मान दुखण्याचे मूळ अनेकदा इथे असते.

दुसरी अडचण पुढच्या चाकाची. फ्रेम लहान केली तरी चाक 700सी या नेहमीच्या मापाचेच राहते, त्यामुळे सावकाश वळताना बुटाचे टोक चाकाला लागते. ते टाळायला कंपन्या पुढची नळी जास्त कलती करतात, 73 ऐवजी 70–71 अंश. मग कमी वेगात हँडल जड लागते आणि आपोआप एका बाजूला पडू पाहते. जॉर्जिना टेरी यांनी 1985 मध्ये अमेरिकेत कंपनी काढली तेव्हा लहान फ्रेमला पुढे 24 इंची चाक लावून हा पेच सोडवला होता. आज काही कंपन्या लहान मापांना 650बी ही त्याहून लहान चाके देतात. परीक्षणात एवढे एक वाक्य तरी हवे: 'सर्वांत लहान मापात बूट चाकाला लागतो का?' सायकल घेताना स्वतः पाहायचे तर पेडल आडवे ठेवा, बुटाचा चवडा नेहमीच्या जागी ठेवा आणि हँडल फिरवा. दुकानातल्या दुकानात कळते.

'विमेन्स' हे लेबल या सगळ्याचे उत्तर नाही. जायंट कंपनीच्या 'लिव्ह' या ब्रँडने स्त्रियांसाठी वेगळ्या फ्रेमचा मार्ग धरला. स्पेशलाइज्ड कंपनीने मोजमापांच्या मोठ्या साठ्यावरून उलटा निष्कर्ष काढला: स्त्री-पुरुषांतल्या सरासरी फरकापेक्षा दोन स्त्रियांमधला फरक जास्त असतो. मला दुसरे म्हणणे पटते. पण दोन्ही बाजूंना हे मान्य आहे की सीट, हँडलची रुंदी, क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी आणि ब्रेक लिव्हर माणसागणिक बदलायला हवेत. मासिकांनी भांडण छापले, हे चार आकडे छापायचे राहिले.

क्रँक घ्या. पाच फुटांच्या आसपासच्या बाईला लहान मापाच्या सायकलवर अनेकदा 170 मिमीचा क्रँक मिळतो. पेडल वर येते तेव्हा गुडघा छातीकडे जास्त येतो, कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागते. 165 किंवा 160 चा क्रँक लावून पाहावा. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानोच्या 105 आर7000 मालिकेत 160 पासून क्रँक मिळत होते. बदलताना एक गोष्ट लोक विसरतात: क्रँक 5 मिमीने आखूड झाला की पेडल खालच्या टोकाला 5 मिमी वर राहते, म्हणून सीट तेवढीच वर घ्यायची. नाहीतर खर्च करूनही गुडघे दुखतात आणि दोष आखूड क्रँकला जातो.

हँडलची रुंदी दोन खांद्यांच्या हाडांच्या टोकांमधल्या अंतराएवढी असावी. 36–38 सेंमी लागणाऱ्या बाईला 40–42 चे हँडल मिळते आणि तासाभराने मानेच्या मुळाशी ओढ बसते. लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. केबलचा ब्रेक असेल तर त्यानंतर केबल पुन्हा ताणून घ्यावीच लागते. नाहीतर पॅड रिमला पूर्ण धरण्याआधीच लिव्हर हँडलला टेकते, आणि हे कळते ते घाटाच्या उतारावर. शिमानोने लहान हातांसाठी एसटी-आर7025 हे वेगळे लिव्हर काढले होते. किती परीक्षणांत त्याचा उल्लेख वाचला, ते आठवून पाहा.

गिअरचे गणित मासिकांनी प्रत्येक परीक्षणात करून द्यावे असे आहे. सायकलसह 70 किलो वजन, 8 टक्के चढ, मिनिटाला पेडलचे 70 फेरे. पुढच्या चकतीला 34 आणि मागच्या चकतीला 28 दात असतील तर वेग ताशी जवळजवळ 11 किमी येतो आणि त्याला सुमारे 180 वॅट लागतात. मागे 34 दात असतील तर वेग ताशी 9 किमी आणि ताकद सुमारे 150 वॅट. ज्या बाईला तासभर 155 वॅट निघतात, तिला पहिल्या सायकलवर सिंहगड पेडलचे फेरे कमी करत, गुडघ्यावर जोर देत चढावा लागेल. दुसऱ्या सायकलवर ती बसूनच चढेल. परीक्षक 250 वॅटचा असेल तर त्याला फरक जाणवणारच नाही, म्हणून तो लिहीत नाही. टायरच्या हवेचेही तसेच. 75 किलोच्या माणसाला 28 मिमी टायरमध्ये 75–80 पीएसआय बरे वाटतात, 55 किलोच्या बाईने 60 च्या आसपास सुरुवात करावी. जास्त हवेने सायकल वेगवान होत नाही, खड्ड्यांवर उसळते तेवढी.

सीटबद्दल मासिके सर्वांत कमी आणि सर्वांत चुकीचे लिहितात. 'बायकांसाठी रुंद आणि मऊ सीट' हा सल्ला अजून छापून येतो. मऊ जेलमध्ये बसण्याची हाडे खाली रुततात, मधला भाग वर येतो आणि सगळा दाब नाजूक भागावर पडतो. आधी माप घ्या. कडक स्टुलावर नालीदार पुठ्ठा ठेवा, पातळ कपड्यात त्यावर बसा, पाय थोडे उचलून पुढे वाका आणि मिनिटभर थांबा. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर घ्या आणि त्यात साधारण 20 मिमी मिळवा. 120 मिमी आले तर 140 च्या जवळची सीट पाहावी. मग कुठे दुखते ते ओळखा. पुढे दाब येत असेल तर टोक एक-दोन अंश खाली. त्याहून जास्त खाली केले की माणूस पुढे घसरतो आणि भार मनगटांवर जातो. मांडीच्या आत काचत असेल तर सीटचे टोक रुंद आहे. एकाच बाजूला घासत असेल तर बहुधा सीट उंच आहे आणि कंबर डुलते आहे. सीटच्या परीक्षणात चालवणारीचे हे माप, बसण्याची पद्धत आणि किती तास चालवली हे नसेल तर ते परीक्षण तुमच्या उपयोगाचे नाही.

सरावाच्या वेळापत्रकांत एक गोष्ट जवळजवळ नेहमी सुटते: खाणे. वजन कमी करण्याचा लेख आणि चढ जोरात चढण्याचा लेख एकाच अंकात शेजारी असतात. 55 किलोच्या, 22 टक्के चरबी असलेल्या बाईचे चरबीविरहित वजन 43 किलो. त्या प्रत्येक किलोला दिवसाला 45 कॅलरी धरल्या आणि दोन तासांच्या सायकलिंगच्या 850 मिळवल्या तर जवळजवळ 2,800 कॅलरी लागतात. किलोला 30 च्या खाली, म्हणजे या दिवशी सुमारे 2,150 च्या खाली, खाणे बराच काळ राहिले तर पाळी बिघडते, हाडे कमकुवत होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये याला 'रेड-एस' हे नाव दिले. तीन महिने पाळी आली नाही तर ते कसून सराव केल्याचे लक्षण मानू नये, डॉक्टरांकडे जावे. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019–21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. अशा देशातल्या सरावाच्या लेखात 'आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा' ही पहिली ओळ हवी. दम लागतो म्हणून सराव वाढवणाऱ्या बाईला कदाचित लोह हवे असते.

शर्यतींच्या वार्तांकनात अलीकडे सुधारणा आहे. 2022 पासून स्त्रियांची टूर द फ्रान्स पुन्हा अनेक टप्प्यांची झाली. 2024 मध्ये काशा निएवियादोमा अवघ्या 4 सेकंदांनी जिंकली. पुरुषांच्या टूरमधला सर्वांत कमी फरक 1989 चा, 8 सेकंदांचा. पण ते 4 सेकंद कुठून आले ते समजायला पाचव्या टप्प्यात दुसरी आलेली डेमी फोलरिंग पडली, तिचा किती वेळ गेला आणि आल्प द्युएझच्या शेवटच्या चढावर तिने किती भरून काढला, हे टप्प्याटप्प्याने द्यावे लागते. नुसता पिवळ्या जर्सीतला हसरा फोटो दिला तर वाचणारीला खेळ कळत नाही.

आता मार्गांचे लेख, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त तेच लिहिले जातात. चढ किती, वडापाव कुठे, सूर्योदय कुठून. स्वच्छतागृह कुठे, हे नसते. 200 किमीच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला) साडेतेरा तास मिळतात, 300 ला 20, 600 ला 40. एवढ्या वेळात सोय नसेल म्हणून बायका पाणीच कमी पितात. मग उन्हात डोके दुखते, लघवीला जळजळ होते. मार्गाच्या तक्त्यात कितव्या किलोमीटरला पेट्रोल पंप आहे, तिथले स्वच्छतागृह रात्री उघडे असते की कुलूप असते, किल्ली मागावी लागते का आणि पाणी येते का, हे चार रकाने घालावेत. बिब शॉर्ट्सच्या (खांद्यांवर पट्टे असलेल्या सायकलिंगच्या शॉर्ट्सच्या) परीक्षणात जर्सी न काढता ती खाली करता येते का, हे लिहावे. पाळीच्या दिवसांसाठीही सरळ लिहावे: शॉर्ट्सच्या पॅडवर सॅनिटरी पॅड चिकटवला की तो गोळा होतो आणि घासतो. कप 12 तासांपर्यंत चालतो, त्याचा दांडा टोचत असेल तर थोडा कापून घ्यावा, आणि कप वापरण्याची सवय लांबच्या राइडच्या आधीच्या पाळीत करून घ्यावी, त्या दिवशी पहिल्यांदा नव्हे.